सुतकाचा पेपर

१ जानेवारी १९७३, सोमवार

वसंतला शिकवणीच्या घरून नव्या सालाची डायरी मिळाली, ती त्याने मला दिली. पांडेसऱ्याच्या कुठल्याशा रंगाई मिलची आहे. तारखा आधीच छापलेल्या आहेत, म्हणजे निम्मं काम झालेलं. मी दुसरी पास. तिसरीत बसले होते, पण लग्न ठरलं. आता रोज लिहायचं. खोटं लिहायचं नाही. कुणाचं वाईट चिंतायचं नाही.

आजची बातमी अशी की मी पेपरची मालकीण झाले. वसंत माझा मुलगा, म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत मास्तर आहे. त्याला इथे सुरतेत खान्देशी लोकांसाठी साप्ताहिक काढायचं आहे. नाव ‘भाऊबंद’. नोकरीमुळे त्याचं नाव मालक म्हणून चालत नाही, म्हणून माझं छापणार. सोनाबाई, मग यांचं नाव, मग सैंदाणे. यांचं नाव मी घेत नाही, लिहितही नाही. वाचताना तेवढ्यावर बोट ठेवीन.

हे १९५० च्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला गेले, ते अजून यायचे आहेत. घोडा नीट पारखून घ्यावा लागतो.

पेपर चालला की माझ्या नातीला, शकूला, चांगलं स्थळ. सतरा संपत आली. गिरणीतला नवरा नको, पगारी हवा. बाकी मला काही नको.

८ जानेवारी, सोमवार

रोज लिहायचं होतं, पण तीळ निवडायचे होते.

पहिला अंक शनिवारी निघाला. तीनशे छापले. पहिल्या पानावर वसंतचा लेख ‘मातृभाषा आणि आपण’, मागच्या पानावर त्याच लेखाचं उरलेलं. सात खपले. मी म्हटलं, आमच्या गल्लीत वाचता येणारे नऊच आहेत, म्हणजे दोनच राहिले. सून उषाने बाकीचे फडताळात अंथरले. समोरची सुभद्राबाई चार मागून घेऊन गेली. मला वाटलं, वाचून घेणार कुणाकडून. तिने सुके बोंबील बांधले आणि वर सांगायला आली की मावशी, पेपराचा साईझ चांगला आहे.

तिला मी हे विसरणार नाही. पण वाईट चिंतायचं नाही असं ठरलंय.

१५ जानेवारी, सोमवार

काल उतराण. गल्लीतल्या पोरांनी ‘भाऊबंद’चे पतंग केले. सगळ्या लिंबायतवर आमचा पेपर उडत होता. एक तर कटून थेट डिंडोलीकडे गेला. तिकडे आपला एकही गिऱ्हाईक नव्हता, आता झाला. वसंत घरात भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला धंद्यातलं कळत नाही.

२८ जानेवारी, रविवार

लिहायचं फार आहे, सावकाश लिहिते.

शुक्रवारी मी प्रेसवर गेले. प्रेस मगनभाईंचा. ते मराठी लग्नपत्रिका छापतात म्हणून त्यांच्याकडे आपली अक्षरं आहेत. वसंतचा लेख दोन इंच कमी पडला होता आणि वसंत शाळेत. मगनभाई म्हणाले, माजी, नीचे जागा खाली छे, कंईक आपो, म्हणजे काहीतरी द्या. माझ्या पिशवीत शिंदखेड्याहून आलेलं कोपरा फाटलेलं कार्ड होतं, नळावर कुणाला तरी वाचून दाखवलेलं. कोपरा फाटला की मरणाची बातमी. उंबऱ्याबाहेर वाचायची, फाडायची, डोक्यावरून पाणी घ्यायचं. हे फाडायचं राहिलं होतं. नथू दगा बोरसे, वय ऐंशी, वारले. तेच दिलं. मगनभाईंनी वर काळी पट्टी आपल्या मनाने टाकली.

नथू दगाची भाऊबंदकी इथे चाळीस घरं निघाली. आपल्याला दहा दिवस पडतात, तीन पडतात, की नुसत्या अंघोळीवर सुटतो, हे बघायला घरटी एक अंक गेला. त्यांचे सोयरे, शेजारीही घेऊन गेले, दुपारपर्यंत तीनशेही संपले. नळावर ओळ लागली, गडीमाणसं लंगोटावर उभी. मी ओट्यावर बसून मोजत होते, सत्तरपर्यंत मोजलं. एका बातमीत एवढी माणसं भिजवणारा पेपर सुरतेत दुसरा नसेल.

वसंत म्हणाला, आई, हे बरोबर नाही. मी म्हटलं, नथू दगा मेला नाही का.

११ फेब्रुवारी, रविवार

मरणं भुसावळ पॅसेंजरने येतात, हे माझ्या आधी कुणाला सुचलं नव्हतं. रोज उधन्याच्या स्टेशनवर जाते. यंदा तिकडे दुष्काळ, माणसं भरभरून उतरतात, डोक्यावर पेट्या, कडेला पोरं. मी दारापाशीच उभी राहते. हसून विचारते, भाऊ, गावाकडे कोन मरी गया? आधी माणूस दचकतो. मग सांगतो. कुणी दोन सांगतो. चहा पाजला की आजारी कोण आहे तेही सांगतो, म्हणजे पुढच्या अंकाची सोय.

यांचीही गाडी तीच. घोडा असला तर मालडब्यातून येईल, म्हणून मागचे डबेही बघून घेते.

‘सुतक विचारा’ हे सदर मी सुरू केलं आहे. लोक विचारतात, मी सांगते, उषा लिहून देते. परवाचा प्रश्न: बाप मेल्याचं महिन्याने कळलं तर? उत्तर: बाकीच्यांचं उशिरा ऐकलं तर तीन दिवसांवर भागतं, बापाचं कधीही ऐकलं तरी लेकाला दहा दिवस पूर्ण. ऐकल्या दिवसापासून मोजायचे.

लोटू न्हाव्याची जाहिरात आली आहे. सुतकाचं मुंडण घरी येऊन करून मिळेल.

वसंतचा लेख आधी मागच्या पानावर गेला, मग कोपऱ्यात, आता घरी आहे.

२५ मार्च, रविवार

आपल्या खान्देशी मंडळाच्या सभेत मला खुर्ची दिली. अध्यक्षांच्या शेजारची. शाल दिली, नारळ दिला. अध्यक्ष म्हणाले, सोनाबाईंमुळे समाज एकत्र आला. खरं आहे. एरवी नळावर एवढे एकत्र कुठे येतात. शाल अंगावर घेऊनच घरी आले, ऊन होतं तरी.

आणि शकूचं ठरलं. मुलगा नंदुरबारचा, रेल्वेत टीसी. मुलाची आई म्हणाली, आमच्याकडे दर आठवड्याला तुमचा पेपर येतो, अंघोळीचं पाणी तापत ठेवूनच मी तो उघडते. टीसी जावई म्हणजे मला प्लॅटफॉर्मचं तिकीट नको. सत्तावीस मे, रविवार. सव्वीसला हळद.

शकू आरशासमोर बसून त्यांच्याकडून आलेल्या शालूचा पदर डोक्यावर घेऊन बघते. मी आले की काढते. मी रोज मुद्दाम खोकत येते, तिला वेळ मिळावा म्हणून.

घरातली मोठी सवाष्ण मी. पहिली हळद माझ्या हाताची.

२२ एप्रिल, रविवार

लग्नसराई आली आणि लोक शहाणे झाले. सुतक ऐकल्यावर लागतं. ऐकलंच नाही तर लागत नाही. म्हणून ज्याच्या घरी लग्न तो आता मेलेल्याची बातमी छापू नका म्हणून मला सांगायला येतो. नारळ आणतो, कुणी साडी, परवा एकाने स्टीलचा डबा आणला. मी मागत नाही. डब्यात मी बातम्या ठेवते. आज नऊ मेलेले आहेत. लग्न लागलं की एकेक काढायचा. लोणच्यासारखं, झाकण घट्ट असलं की काही होत नाही.

मला आता कळलं, पेपर म्हणजे छापणं नाही. न छापणं.

वसंत म्हणतो, आई, ही दलाली आहे. उषा म्हणते, आई, शकूचं लग्न होईपर्यंत तरी देवाला भिऊन राहा. दोघंही सारखंच घाबरट.

१ मे, मंगळवार

सुभद्राबाई आली. हातात कोपरा फाटलेलं कार्ड. तिला वाचता येत नाही, म्हणून उंबऱ्याबाहेर उभं राहून मी वाचलं. तिचा सासरा बेटावदला वारला. म्हणजे छगनचा बाप. छगनला ठाऊक नाही, तो मागावर होता, कार्ड हिच्या हातात पडलं. रविवारी सुभद्राबाईच्या मुलीचं, विजयाचं, लग्न. सुभद्राबाईने कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, मावशी, मी ऐकलं नाही, तुम्ही वाचलं नाही, सहा तारखेपर्यंत डब्यात राहू द्या.

मी म्हटलं, बघते. एवढंच म्हटलं. नारळ नव्हता, मी काही बोलले का? बोंबलांचाही विषय मी काढला तो सहज.

तर म्हणते, मावशी, तुम्ही स्वतःची बातमी बावीस वर्षं दाबून बसलात, माझी पाच दिवस दाबायला काय जातं. बारा वर्षांनी माणसाचा पुतळा करून जाळतात, तुम्ही अजून कुंकू लावता, आम्ही कधी बोललो?

बारा वर्षांचा नियम हरवलेल्या माणसाला आहे. हे हरवलेले नाहीत. बाजाराला गेलेत.

कार्ड ठेवून घेतलं.

५ मे, शनिवार

अंक निघाला. पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात. सुभद्राबाईच्या घरचं कुणी पेपर घेणार नाही हे माहीत होतं, म्हणून त्यांच्या मांडवाच्या तोंडाशी उभं राहून मी स्वतः वाचला. वाचकाची सोय बघावी लागते.

विजयाला हळद लागलेली होती. छगन हातात उसाची मोळी घेऊन उभा होता, ती त्याने खाली ठेवली. मग तोही खाली बसला. म्हणाला, माझा बा? कधी? मुलाकडच्यांनी विचारलं, तीन दिवसांत नाही का भागणार. मी सांगितलं, बापाचं दहा दिवस पूर्ण, फेब्रुवारीच्या अंकात आहे.

पाहुणे परत गेले. जाताना त्यांनी डिंडोलीतली दुसरी मुलगी बघितली आणि उद्याचं लग्न तिकडेच ठरवून टाकलं म्हणतात. मांडव घातलेला असला की कुणाचं तरी होतंच.

मला वाईट वाटलं. पण तीनशे संपले, अजून दोनशे काढावे लागले.

वसंत जेवला नाही. म्हणाला, आजपासून तुझ्या पेपरात माझं अक्षर नाही.

१२ मे, शनिवार

अंक खपला नाही. एकही नाही.

मी गल्लीतून निघाले की दारं लागतात. माझा मान ठेवतात, आड येत नाहीत. पोरं कानात बोटं घालतात, हा त्यांचा खेळ. स्टेशनवर माणसं मला बघून पलीकडच्या रुळांवर उतरतात, एका म्हाताऱ्याचा पाय मुरगळला. ज्यांचे मेलेले माझ्याकडे आहेत ते येऊन आपापल्या चिठ्ठ्या मागून घेऊन गेले. डबाही मागत होते, तो दिला नाही.

मंडळाची सभा झाली म्हणे. खुर्ची कुणाला दिली कळलं नाही.

ठरवलं: पंधरा दिवस शांत राहायचं. शकूचं लग्न झालं की पेपर रोजचा करायचा.

१६ मे, बुधवार

आज गाडी चुकली असती तर बरं झालं असतं. पण गेले.

एकच माणूस माझ्याजवळ आला. चंदू नावाचा, दोंडाईच्याचा, पांडेसऱ्याला रंगाईत आहे. म्हणाला, माय, तुमीच का सोनाबाई? पेपरावर मालक म्हणून तुमचं नाव वाचलं, मधलं नावही वाचलं. आमच्याकडे त्या नावाचा एक टांगेवाला होता. वीस वर्षं टांगा हाकला. सांगायचा की माझं पहिलं बिऱ्हाड सुरतेकडे आहे. परवा सोमवारी गेला.

इंजिन वाफ सोडत होतं, नीट ऐकू आलं नाही.

शिवाय एका नावाची माणसं कितीतरी असतात. शिवाय तो दोंडाईच्याचा, सारंगखेड्याचा नाही. शिवाय छापायचं झालं तर नाव लागतं, आणि नाव मी घेत नाही, मग छापणार कशी. बातमी तिथेच संपली.

अकरा दिवस आहेत. डब्याचं झाकण घट्ट आहे.

२० मे, रविवार

कासाराला घरी बोलावलं. शकूला चुडा भरला तसा मीही भरला, हिरवा, हाताला डझन डझन. उषा म्हणाली, आई, इतक्या कशाला. मी म्हटलं, पहिली हळद लावणारा हात आहे. कासाराने मनगट दाबून दाबून चढवल्या, आता निघायच्या नाहीत.

वसंतकडे बघवत नाही. जेवताना हातावर थोडं पाणी घेऊन ताटाभोवती फिरवतो, अगदी यांच्यासारखं. बारा वर्षांचा होता हे गेले तेव्हा. घोडा कुठल्या रंगाचा आणू म्हणून त्यालाच विचारून गेले होते.

२६ मे, शनिवार, सकाळ

शकूची हळद. टीसीची आई नंदुरबारहून उष्टी हळद घेऊन आली आहे. बाकी मंडळी वसंतच्या शाळेत उतरली आहेत. शकू पिवळ्या पातळात बसली आहे, सारखी हसते आणि तोंडावर हात धरते. सगळं व्यवस्थित आहे. उद्या या वेळेला लागलेलं असेल. मी शाल पांघरली आहे.

सुभद्राबाईला बोलावलेलं नाही.

२६ मे, संध्याकाळ

हळद मी लावली. कुणी म्हणू नये की लावली नाही.

मग बायका म्हणाल्या, आजी, नाव घ्या. मी नको नको म्हटलं आणि घेतलं. बावीस वर्षं पाठ होतं.

उधन्याच्या स्टेशनवर गाडीचा थाट,
सुपडूरावांची बघते बावीस वर्षं वाट.

बायका हसल्या. टीसीची आईही हसली. तेवढ्यात उंबऱ्याबाहेरून आवाज आला. सुभद्राबाई उभी होती, नियमाप्रमाणे बाहेर. शेजारी विजया, मागे चंदू. विजयाच्या हातात कागद होता. तिने वाचला, थांबत थांबत, स्वच्छ. आवाज चांगला आहे तिचा.

सुपडू बाळा सैंदाणे, टांगेवाले, दोंडाईचे, वय साठ, दिनांक चौदा मे रोजी वारले. मागे दोन बायका, एक मुलगा, दोन मुली, एक घोडा.

वर काळी पट्टी. मगनभाईंकडूनच छापून आणलं होतं. चंदू त्याच दिवशी स्टेशनवरून तिच्याकडे गेला होता म्हणे, म्हणजे सुभद्राबाईला दहा दिवस ठाऊक होतं आणि तिने दाबून ठेवलं. हे ती माझ्याकडूनच शिकली.

वसंतने कागदाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. म्हणाला, आई, तुला माहीत होतं? मी म्हटलं, इंजिनाचा आवाज होता. चंदू म्हणाला, माय, गाडी गेल्यावर सांगितलं मी. दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, बरं.

मी टीसीच्या आईला म्हटलं, तीन दिवसांत भागेल. सुभद्राबाई म्हणाली, मावशी, बापाचं दहा दिवस पूर्ण.

टीसीची आई उठली. ती म्हणाली, दहा दिवसांचं काही नाही, पुढची तिथी धरली असती. पण ज्या घरात बाप मेल्याचं लेकाला कळू देत नाहीत, त्या घरची मुलगी उद्या माझ्या मुलाला काय काय कळू देणार नाही. उष्ट्या हळदीची वाटी चांदीची होती, ती तिने तशीच उचलली. शालूही परत नेला.

लोटू वस्तरा घेऊन लगेच आला. जाहिरातीत म्हटल्याप्रमाणे, घरी येऊन. वसंतने मान खाली घातली. लोटूची आई विधवा आहे, तिने माझ्या बांगड्या पायरीवर फोडल्या. दोन्ही कामं एकाच घराने केली, सोयीचं पडलं. नव्या होत्या, निघत नव्हत्या, थोडं लागलं.

शकूने नळावर जाऊन तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. हळद लगेच जात नाही.

६ जून, बुधवार

सुतक संपलं.

‘भाऊबंद’ बंद. वसंतने स्वतःच्या हाताने शिल्लक अंक बोंबीलवाल्याला नेऊन दिले. तो शाळेत टोपी घालून जातो. शकू जरीच्या कारखान्यात बॉबिन भरायला जाते. घरात कुणी रागावत नाही. कुणी बोलतच नाही.

आज स्टेशनवर गेले नाही. विचारायचं कुणाबद्दल.

दुपारी चंदू आला. दोंडाईच्याच्या बाईने यांचा चाबूक आणि घोड्याच्या गळ्यातली घुंगुरमाळ पाठवली होती. मी विचारलं, घोडा कसला होता? चंदू म्हणाला, पांढरा, कपाळावर तांबूस ठिपका, सारंगखेड्याच्या यात्रेतलाच. चार दिवस पारखून घेतला होता म्हणे.

मी म्हटलंच होतं. बावीस वर्षं सगळ्यांना हेच सांगत होते.

शकू कामावरून आली तशी तिला सांगायला उठले. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.